दोन ठोके

"लुसिल, अगं खाली गुडगुडतंय. ऐकू येतंय ना?" खुर्चीतून फ्लॉरेन्स म्हणाली.

लुसिलला केव्हाचंच ऐकू येत होतं. ती नुकतीच बाहेरून भिजून आली होती. पन्हाळीचं पाणी भिंतीशी पडत होतं, म्हणून पन्हाळीचं तोंड तिने लांब वळवून दिलं होतं. पुढची हिरवळ पाण्याखाली दिसेनाशी झाली होती. शिकागोचा हा जुना भाग. पाऊस असा कोसळला की रस्त्याखालचं गटार तुंबतं आणि तळघरातल्या मोरीतून घाण पाणी उलटं घरात शिरतं.

लुसिलचा नवरा एडमंड असताना काळजी नसे. तो खाली जाऊन मोरीच्या तोंडात कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी पाइप आवळून बसवी. पाणी पाइपात चढून तिथेच थांबे. मग तो पान्याने छतालगत वर घरात जाणाऱ्या नळावर तीन ठोके मारी. म्हणजे, वर आता कुणी पाणी सांडायचं नाही. गटार ओसरलं की पाइप काढून दोन ठोके. मग नळ सोडायचे. घरात शिस्त म्हणून ती एवढीच, पण चाळीस वर्षं कडक पाळलेली.

दोन वर्षांपूर्वी तीन ठोके आले. पाऊस थांबला, ऊन पडलं, पण दोन काही आले नाहीत. फ्लॉरेन्सला कॉफीची तलफ आली होती. "झोपला वाटतं माझा भाऊ खाली," ती म्हणाली आणि दोघी पोट धरधरून हसल्या. हसून पुन्हा शहाण्यासारख्या वाट बघत बसल्या. शेवटी खाली जाऊन पाहिलं, तर एडमंड धुण्याच्या यंत्रापाशी पडलेला होता. लगेच गेला असणार, डॉक्टर म्हणाले. त्या 'असणार'ने लुसिलची झोप कायमची उडवली. फ्लॉरेन्सने त्यानंतर थट्टा म्हणून केली नाही. साधी भुरभुर आली तरी दोघी नळाला हात लावत नसत. कान खाली लावून गप्प बसून राहत. कशाची वाट बघतो, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

एवढा मोठा पाऊस त्यानंतर आजच आला होता.

"भरलं तर भरू दे," फ्लॉरेन्स म्हणाली. "तू नको जाऊस खाली."

"त्याची खुर्ची आहे तिथे. गटारात भिजू देऊ?"

"मग मीही येते."

"त्या गुडघ्यांनी? तुला वर कोण आणणार, बाई? बस गुमान."

लुसिल कठड्याला घट्ट धरून उतरली. पाइप भिंतीशी उभा होता, पाना खिळ्याला. मोरीतून काळं पाणी वर येऊ लागलं होतं. वाकून तिने पाइप बसवला, सगळा जीव लावून आवळला. आत पाणी चढत गेलं आणि काठाच्या खाली थांबलं. तिने तीन ठोके मारले. वर काही हाललं नाही. मग ती एडमंडच्या खुर्चीत बसली. तिला वाटत होतं तशी भीती तिथे नव्हती. तो तिथे नव्हता, एवढंच, आणि ते जास्त वाईट होतं.

पाऊस ओसरला. पाइपातलं पाणी उतरलं, तिने तो काढून भिंतीशी ठेवला. पाना उचलला, पण हात वर जाईना. ते दोन ठोके त्याचे होते. अजून यायचे राहिले होते, म्हणून तर इतके दिवस तो कुठेतरी उरला होता. आता तिनेच मारले की संपलं.

"झालं हं, एडमंड," ती म्हणाली, आणि तिने दोन ठोके मारले.

 वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फ्लॉरेन्सची काठी हळूहळू ओट्यापर्यंत गेली. डोक्यावरच्या नळातून पाणी खळखळत धावलं.

ते वाहतच राहिलं, दोन कप कॉफीला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ. लुसिल पाना हातात धरून खाली उभी राहिली, नळ बंद होईपर्यंत.