तिसरा गिअर आणि गुरुवार

'विकणे आहे. फोर बाय फोर जीप, डिझेल, पंधरावे वर्ष चालू. चालक एकच, स्त्री. गाडी डांबरी रस्त्यावर कमी आणि धानाच्या बांध्यांतून जास्त चालली आहे. इंजिन ऑइल गळते. तीन रात्री खाली ताट ठेवून मोजले, सरासरी अठ्ठावीस मिलिलिटर. डावा दरवाजा आतून उघडत नाही. बाहेरून उघडतो, पण उघडणाऱ्याला तो आधी आत ढकलावा लागतो. उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, डावीकडे वळताना वाजवला तरी वाजत नाही. पावसात टपातून पाणी येते, फक्त चालकाच्या डाव्या खांद्यावर. मागच्या सीटखाली मुंग्यांची वसाहत होती. आता नाही, असे मला वाटते. चिखलात एकतीस वेळा फसली. एकोणतीस वेळा स्वतः निघाली, दोन वेळा बैल लागले. संपर्क: समीक्षा, मुर्री.'

ही जाहिरात मी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकली. त्या ग्रुपवर इतर लोक काय लिहितात ते मी आधी वाचले होते. 'डॉक्टरची गाडी, फक्त देवळात जायला वापरली' असे लिहून खाली समोरचा भागच नसलेल्या जीपचा फोटो. 'कंडिशन एकदम मक्खन.' 'गाडी नाही, वाघ आहे. पाहायला या, नाही आवडली तर चहा पिऊन जा.' मला ते पटले नाही. वस्तू विकताना तिची अवस्था सांगावी, एवढेच मी केले. विनोद करण्याचा हेतू नव्हता.

गोंदियातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. चौदा वर्षे सुट्ट्यांमध्ये मी या जिल्ह्यातल्या बोड्या, म्हणजे लहान गावतळी, आणि तलावांतल्या गोगलगायी मोजल्या. इकडे गोगलगायीला घोंगा म्हणतात, त्यामुळे गावोगावी मी घोंगेवाली मॅडम. जीप त्यासाठीच घेतली होती. मार्चमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदूचे निदान केले. मला समोरचे सगळे दिसते, कडेचे दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद करायला सांगितले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण आमच्याकडे म्हैस नेहमी कडेनेच येते.

घरी मी एकटीच असते. बहीण रायपूरला. बोड्यांवर जाणे थांबल्यापासून कॉलेज सुटले की सकाळपर्यंत मी कुणाशी बोलत नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पुढचे समजावे म्हणून सांगते.

जाहिरात टाकल्यावर तासाभरात पहिला फोन आला.

"हॅलो, बैल लागले ते गाडी तुमचीच का?"

"हो. आपण कोण?"

"मी हिरालाल, सौंदडवरून. स्टेशनासमोर पंक्चरचं दुकान हाय माझं. एक सांगा मॅडम, दोन खेपा बैल लागले, तं दोनी खेपा तेच बैल होते का?"

"नाही. पहिल्या वेळचे दवनीवाड्याचे होते. दुसऱ्या वेळचे कुणाचे होते ते मला माहीत नाही."

पलीकडे सातआठ जण एकदम हसले. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, तुम्ही गाडी विकून राहिल्या का आमची मजा घेऊन राहिल्या?"

"गाडी विकते आहे."

पुन्हा हशा. त्यात कुणीतरी म्हणाले, "अबे, चूप राह्य, आयकू दे."

त्या दिवशी सतरा फोन आले. फील्डवर वापरते त्याच वहीत मी त्यांची नोंद केली. सतरापैकी तीन गाडीसाठी होते. उरलेल्या चौदांना गाडी नको होती. जाहिरात कुणीतरी दुसऱ्या ग्रुपवर पाठवली होती, तिथून तिसऱ्या. मुंग्या लाल होत्या की काळ्या, असे एकाने विचारले. काळ्या, असे मी सांगितले. देवरीच्या एका ट्रकवाल्याने सल्ला दिला, "हॉर्न बिगडा नहीं है मॅडम, उसको सिर्फ राइट साइड पसंद है." मला हसू आले. घरात माझा हसण्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

दुसऱ्या दिवशी दवनीवाड्याच्या शकुंतलाबाईंचा फोन आला. सुनेच्या मोबाइलवरून बोलत होत्या.

"बाई, ते दार आज उघडलं का वं?"

"आतून नाही."

"मंग अंदर बसलेल्या माणसानं काय करावं?"

"कुणीतरी बाहेरून उघडेपर्यंत बसून राहायचं."

"आमच्या सासूसारखंच हाय मंग." असे म्हणून त्या बराच वेळ हसल्या. "मले गाडी नाही पाहिजे हो. मले तं सायकलबी येत नाही. पण सुनेनं वाचून दाखवलं, तं म्हटलं विचारून पाहू."

त्या रोज फोन करू लागल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास. दार, मग ऑइल, मग त्यांच्या गुडघ्याचे दुखणे, मग माझ्या जेवणात काय आहे. "एकट्या जिवाले किती लागते," असे त्या रोज म्हणत, आणि भाजी कशी करायची ते रोज नव्याने सांगत.

चौथ्या दिवशी हिरालाल म्हणाले, "मॅडम, आज नवीन काही नाही का? लोक येऊन बसून राहिले."

"कसले लोक?"

"दुकानात. मी वाचून दाखवतो ना तुमची जाहिरात."

म्हणून मी जाहिरातीखाली भर घालू लागले. 'आज ऑइल एकतीस मिलिलिटर. कारण समजले नाही.' 'टपावर पालीची दोन अंडी सापडली. गाडीबरोबर देण्यात येतील.' सगळे खरे होते. मी फक्त गाडीकडे जास्त नीट पाहू लागले होते. फोनही वाढले.

या काळात गाडी खरोखर हवी असलेले दोघे येऊन गेले. एक आमगावचा होता, त्याने गाडी फिरवून पाहिली आणि त्याला ती आवडली. मी त्याला म्हणाले, "दुसऱ्या एकाशी बोलणी चालू आहेत." दुसऱ्यालाही तेच सांगितले. बोलणी कुणाशीच चालू नव्हती. गाडी विकली की जाहिरात जाणार, जाहिरात गेली की फोन जाणार, हे मला स्वच्छ कळत होते.

नवव्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही. मी गाडीखाली आडवी झाले, टप तपासला, बॅटरी पाहिली. कुठेच नवे काही नव्हते. सहा वाजत आले होते. मी लिहिले, 'तिसरा गिअर गुरुवारी लागत नाही.'

चौदा वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. एका बोडीत गोगलगाय सापडली नाही, तर शून्य लिहिले. त्या संध्याकाळी बेचाळीस फोन आले. हिरालालच्या दुकानातल्या हशाने फोनचा स्पीकर फाटत होता. "गाडी उपास धरते का मॅडम?" असे पंचवीस जणांनी तरी विचारले. बेचाळीस जणांशी बोलल्यावर मला शांत झोप लागली. हेही नोंदवले पाहिजे.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी फाटकाशी एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, हातात पिशवी. फोन न करता आलेला तो पहिलाच.

"घोंगेवाल्या मॅडम तुमीच का? मी पुनाराम. सालेकसाच्या पलीकडून आलो, जंगलातला टोला हाय आमचा, थोड्याशा घरांचा. गाडी पाहाले आलो."

"फोन करायचा होता."

"टोल्यावर टॉवर नाही. जाहिरात मास्तरनं लिहून आणली." त्याने पिशवीतून वहीचा कागद काढला. माझी जाहिरात त्यावर सुबक अक्षरात, शब्दन् शब्द उतरवलेली होती. अठ्ठावीस मिलिलिटरसुद्धा. शेवटी तिसरा गिअर आणि गुरुवारही होता.

"पाण्याच्या दिवसांत नाला भरला का आमाले कोणी येत नाही," पुनाराम म्हणाला. "बिमार माणूस खाटेवर घालून नेतो, चार जण, सात किलोमीटर. दोन बाया रस्त्यातच बाळंत झाल्या मागच्या साली. म्हणून सगळ्यांनी मिळून गाडी घ्याचं ठरवलं. लय जाहिराती वाचल्या. सगळे म्हणतात गाडी नवीन हाय, मक्खन हाय. तुमचीच एक हाय का जिच्यात काय बिगडलं ते लिहिलं. तं टोला म्हणे, हेच घ्या. बाई खोटं नाही बोलत."

मी पाणी आणायला आत जाणार होते, ती तिथेच उभी राहिले.

"आणि ते गुरुवारचं?" मी विचारले.

"ते बी बसून बोलणं झालं ना," तो सहज म्हणाला. "आमच्याकडं पेरणी झाली का आठवड्यातला एक वार जमिनीले अवजार लावत नाही. ना नांगर, ना कुदळ. बैलबी त्या दिवशी मोकळे. जमिनीले एक वार, तं गाडीले एक वार. काही वाईट नाही त्याच्यात. गुरुवारी गाडी काढाची नाही, असं ठरलं."

"आणि गुरुवारी कुणी आजारी पडलं तर?"

"खाटेवर नेऊ. जसं नेत होतो."

त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. मी पाहिले, दोनदा पाहिले. मला समोरचे नीट दिसते.

"पुनारामभाऊ, ते खोटं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"गुरुवारचं. तिसरा गिअर रोज लागतो. मी मनाने लिहिलं."

तो कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने बोट ठेवून वरून खालपर्यंत एकेक ओळ पुन्हा पाहिली.

"काऊन लिहिलं मंग?"

"लोक फोन करत होते. नवीन काही लिहिलं नाही तर करणार नाहीत, असं वाटलं."

यावर तो काहीतरी कडक बोलेल, याची मी वाट पाहिली. तो एवढेच म्हणाला, "मंग बाकीचं?"

तो प्रश्न रास्त होता. एक आकडा बनावट निघाला की सगळा तक्ता संशयात जातो, हे मी वर्गात शिकवते. मी म्हणाले, "एकेक करून तपासू. तुम्ही वाचा."

आम्ही अकरा वाजेपर्यंत तपासत होतो. ऑइलचे ताट त्याने हातात धरून पाहिले. टपावर मी बादलीभर पाणी ओतले, तो चालकाच्या जागी बसला, आणि पाणी बरोबर त्याच्या डाव्या खांद्यावर पडले. तिथे तो पहिल्यांदा हसला. मग त्याने गाडी रस्त्यावर काढली. मी शेजारी बसले. माझ्या गाडीत त्या बाजूला मी कधीच बसले नव्हते. तिथून रस्ता वेगळा दिसत होता. खरे तर अर्धाच दिसत होता. उजवीकडे वळताना हॉर्न वाजला. त्याने तिसरा गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. पाच वेळा. मी मोजले नसते तरी चालले असते.

परत आल्यावर तो उतरला, फेरा घालून आला, दरवाजा आधी आत ढकलला आणि मग उघडला.

"बाकीचं खरं हाय," तो म्हणाला.

"बाकीचं खरं आहे."

"तं घेतो."

आमगावच्या माणसाला दिलेले उत्तर माझ्या तोंडात तयार होते. दुसऱ्याशी बोलणी चालू आहेत, एवढेच म्हणायचे होते, आणि संध्याकाळी सहा वाजता फोन पुन्हा वाजला असता. मी किल्ली त्याच्या हातात दिली. कागदपत्रांना दोन दिवस लागले. गुरुवारी दुपारी तो टोल्यावरच्या तिघांना घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला. फाटकातून बाहेर पडताना त्याने गाडी डावीकडे वळवली, म्हणून हॉर्न वाजला नाही.

मी ग्रुपवर लिहिले, 'गाडी विकली. तिसरा गिअर सर्व वारी लागतो. चुकीच्या नोंदीबद्दल क्षमस्व.' लोकांना त्याचेही हसू आले. त्या दिवशी एकतीस फोन आले. हिरालाल म्हणाले, "मॅडम, आता आमी काय वाचावं?" शुक्रवारी आठ. शनिवारी दोन, त्यातला एक कर्ज हवे का विचारणारा. रविवारी शून्य. सोमवारी शून्य. मंगळवारी मी वही बंद केली.

बुधवारी सहा वाजता मीच शकुंतलाबाईंना फोन लावला. तोपर्यंत मी त्यांना एकदाही लावला नव्हता. नेहमी त्याच करायच्या.

"कोण?"

"मी समीक्षा. मुर्रीवरून."

"कोण समीक्षा?"

"गाडीवाली."

"अवं बाई! विकली ना ते?"

"हो, विकली."

"मंग?"

गाडी नव्हती, दार नव्हते, ऑइल नव्हते. माझ्याकडे सांगण्यासारखी एकही नोंद नव्हती.

"काही नाही. सहज केला."

"अस्सं. थांब वं जरा, भात उतू जाऊन राहिला."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवला, बंद केला नाही. झाकण काढल्याचा आवाज आला. चुलीतले लाकूड मागे ओढले गेले. कोंबडीला हाकलले. सून काहीतरी विचारत होती, त्यांनी उत्तर दिले. मग भांडी लागली, पाणी ओतले गेले, आणि त्या दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलू लागल्या. मी लाइनवर आहे हे त्या विसरल्या असाव्यात.

मी फोन ठेवला नाही. स्पीकर सुरू करून तो ओट्यावर उभा केला आणि तांदूळ धुवायला घेतले.