बारशाआधी

“मम्मी, कॉल हर नेम लाह. शी कॅन हिअर,” नर्स लिनेट आजही इथल्या हेलात म्हणाली. ऋता आजही नुसती हसली. काचेच्या पेटीत तिची मुलगी निजली होती, ओंजळीत मावेल एवढी. पेटीवरच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘बेबी ऑफ ऋता’.

नाव तर ठरलं होतं. ऑरोरा. तिचा नवरा रुचिर खूश होता. वन-नॉर्थच्या त्याच्या परदेशी ऑफिसात कुणाचीही जीभ अडखळणार नव्हती. पुण्याहून सासूबाईंनी मात्र फोनवरच मोडीत काढलं.

“अरोरा? अगं, पंजाब्यांचं आडनाव ते!”

“रोमन देवता आहे, आई. पहाटेची,” ऋता म्हणाली.

“मग सरळ उषा म्हणा की! आपल्या देवींना काय धाड भरलीय?” आणि मग आवाज उतरला. “अगं बाई, विहीणबाईंचं नाव ना. नको. त्यांना जाऊन वर्षही नाही झालं. जिवावर बेतलेल्या पोरीला ते नको.”

एम. ए.ला शिकलेलं ऋताला आठवत होतं. ऑरोरा, ग्रीकांची ईऑस, आपली उषा. मूळ एकच, उजळण्याचं. एकाच घरच्या तीन मुली, दूरदूर दिलेल्या. आईचं नाव तिने कुणाला दिसणार नाही असं लेकीच्या नावात ठेवलं होतं. हे बारशाला सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आणि बारसं बाळ घरी आल्यावर. तोवर बाळापाशी नाव ओठांवर आणायचं नाही, नजर लागते. हेही सासूबाईंचंच. एवढी शिकलेली ऋता, पण तिने ते घट्ट धरून ठेवलं. पेटीशी बसून नुसतं ‘सोन्या’, ‘बाळा’ करत राहिली.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना बाजूला घेतलं. जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता, औषधं चालत नव्हती. “आता तिला जवळ घ्या,” ते म्हणाले.

लिनेटने पडदा ओढला आणि बाळ ऋताच्या छातीवर ठेवलं. रुचिरने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. फोनच्या पडद्यावर सासूबाई आणि त्याची बहीण उल्का, दोघी एकमेकींना चिकटून.

“उल्का, नाव तू सांग. आत्यानेच सांगायचं असतं,” ऋता म्हणाली.

उल्काने तोंड उघडलं, पण हुंदकाच आला. “नाही गं जमत, वहिनी.”

“ऋता,” सासूबाई म्हणाल्या, “तुला हवं ते ठेव. ते तुमचं ठेव, नाहीतर उषा ठेव. मी आता काही बोलणार नाही.”

“दोन्ही एकच आहेत, आई. मुळात एकच शब्द. म्हणूनच ठेवलं होतं.”



“मग तूच सांग, बाळा,” सासूबाई म्हणाल्या. “आधी कुर्रर्र म्हण.”

ऋताने मान खाली घातली. बाळाचा कान जाईच्या पाकळीएवढा. “कुर्रर्र,” ती म्हणाली, आणि मग नाव. आधी ऑरोरा, मग उषा. पुन्हा. इतके दिवस राहून गेलेल्या साऱ्या हाका एकदम द्यायच्या असल्यासारखी पुन्हा पुन्हा.

नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका हसत धपाटे घालतात. इथे पाठीशी रुचिर एकटाच होता. त्याने एक थाप मारली, हलकेच. दुसरीसाठी उचललेला हात तसाच राहिला.