दुपारी नापास झालेली मशीन

मी न्हावऱ्याच्या दूध संकलन केंद्रातली जुनी मशीन आहे, मित्रांनो. आता दौंडच्या गोदामात पडून आहे, तरी तोरा गेलेला नाही.

डेअरीनं माझ्यात नवं सॉफ्टवेअर घातलं तेव्हा मी अडखळले, नाही म्हणत नाही. गाईचं दूध म्हशीचं म्हणून मांडलं. पण नव्या सुनेची पहिली भाकरी तरी कुठं गोल होते? पुढं मी अशी रुळले, की दूध ओतलं की वजन, फॅट आणि घालणारीचं नाव छापलेली चिठ्ठी बाहेर. त्याआधी सगळं दूध घरधन्याच्या नावावर चढायचं. रोज दूध घालणाऱ्या कुशाबाईनं स्वतःच्या नावाची पहिली चिठ्ठी सुनेपुढं धरली.

"वाच गं, प्रगती."

"दोनदा वाचली की, आत्याबाई."

"मग आणि वाच. तुझं काय जातंय?"

आणि चिठ्ठी कनवटीला खोचली.

एके दिवशी तपासणीचे साहेब आले. आले ते भरदुपारी. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, दुपारी केंद्राला कुलूप असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांनी कुलूप काढायला लावलं, मला झाकलेली पाहिली, माझ्या सॉफ्टवेअरचं मोबाईलवरचं ॲप कुणी उघडत नाही म्हणून नाक मुरडलं आणि लिहिलं : फसलं.

"आजी, असली सॉफ्टवेअरं बहुतेक ठिकाणी फसतात," ते ओट्यावर बसलेल्या कुशाबाईला म्हणाले.

"बहुतेक म्हंजी कुठं कुठं जाऊन आलात?"

"रिपोर्टमध्ये आहे."

"आन् रिपोर्टवाले कवा गेलते? तुमच्यासारखे दुपारचंच?"

काही फसतही असतील, मित्रांनो. पण बहुतेक म्हणायचं तर बहुतेकांच्या दारात जावं लागतं.

त्या एका शब्दावर मला टेम्पोत चढवली तेव्हा कुशाबाई पुढं आली. "आता माझी चिठ्ठी?"

"मोबाईलवर मेसेज येईल, आजी."

"मोबाईल आमच्या ह्यांच्या खिशात असतो."

साहेबांनी ड्रायव्हरला दोरी आवळायला सांगितली.

इथं पहाटे रस्त्यावर गाडी वाजली की वाटतं, किटल्या आल्या. शेणामातीचे हात, "सर की पुढं" म्हणून रांगेतली भांडणं, सगळ्यासाठी जीव तुटतो. दार काही उघडत नाही.

मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला, मित्रांनो. पण कुशाबाईच्या हातात आता काय देणार, ते आधी सांगा.