तुटक रेघ

नकाशेवाली बाई दादाकडे उतरल्याचं कळलं तेव्हाच मी म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. कोण कुठली बाई, गळ्यात भिंग अडकवून ओढ्याकाठी हिंडते, पडक्या भिंतींचे फोटो काढते. कुणी विचारलं तर म्हणते, "या भागात पूर्वी काय होतं ते शोधतेय." पूर्वी काय असणार? तण होतं! आणि राहायला तिला सगळा मुलूख सोडून दादाचंच घर सापडावं?

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्या घरालगतच्या रोपवाटिकेकडे येणारी वाट त्याच्या शेताच्या कडेने येते. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून सगळे तिथूनच येतात. आणि आता या माणसाने अचानक तिच्यावर काटेरी तार ओढली. टेम्पो रस्त्यावरच थांबतो, निम्मी रोपं उचलून नेण्यातच मान टाकतात, गिऱ्हाइकं तार बघूनच माघारी फिरतात. वाट उघडली नाही तर रोपवाटिकेला टाळं लागणार, हे त्यालाही चांगलं ठाऊक. जाब विचारायला गेले तर म्हणे, "आधी तू काय केलंस ते आठव."

मी काय केलं? मागच्या दाराला कडी लावली, बस्स! तीही काकूमुळे, म्हणजे दादाच्या आईमुळे. विहिरीजवळ तिचा भाजीचा वाफा आहे. तिकडे जाताना ही रोज माझ्या पुढच्या दारातून आत शिरणार आणि हूं की चूं न करता स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडणार. येताना तसंच. घराला वळसा घालायला काय पाय झिजतात? माझ्या डब्यांवर हिचा डोळा, अशी माझी खात्रीच होती. बाबा होते तोवर त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "जाऊ दे तिला," एवढंच म्हणायचे. ते गेले, मग एक दिवस चांदीची वाटी सापडेना आणि मी सरळ कडी घातली. काकू आली, तिने दार ओढून बघितलं, कडी बघितली आणि आली तशी परत गेली. वाटी पुढे तांदळाच्या डब्यात सापडली. कडी मात्र राहिली.

एका सकाळी नकाशेवाली माझ्याच दारात उभी. "तुमचं घर जरा आतून बघू का?"

"का? दादाने पाठवलं?"

"नाही हो. नकाशातली एक गोष्ट ताडून बघायची आहे."

मी तिला आत घेतलं, पण नजर तिच्या हातांवर. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. निळा ठिपका म्हणजे विहीर, काळा चौकोन म्हणजे घर, तुटक रेघ म्हणजे पायवाट. "हा तुमच्या लहानपणीचा." आणि काय सांगू! तुटक रेघ रस्त्यावरून निघून दादाच्या शेतातून वळसा घेत थेट माझ्या फाटकाशी. चांगली छापलेली! मी उडी मारायचीच बाकी होते.

"याची प्रत द्या मला. आता बघतेच त्याला."

"याच्या आधीचाही आहे, तुमच्या आजोबांच्या काळातला," ती जरा चाचरत म्हणाली.

लगेच शंकेची पाल चुकचुकली. ही काहीतरी दडवतेय! "काढा तोही. जितका जुना तितका पक्का."

त्याच्यावर माझं घरच नव्हतं. विहीर होती, दगडी पूल होता. बाईने माझ्या लहानपणीचा नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून आणला होता. विहिरीवर विहीर आणि पुलावर पूल जुळवून तिने तो वर ठेवला. शेतातला वळसा जुन्या नकाशात कुठेच नाही. जुनी तुटक रेघ काकूच्या घरावरून सरळ विहिरीला जात होती आणि माझा काळा चौकोन बरोब्बर तिच्यावर बसला होता.

"खोटं आहे!" मी ओरडले. "दादाने करवून घेतलंय." भिंग हिसकावून मी खाडाखोड शोधली. कागद उजेडात धरला. काही सापडेना. रेघ पुढच्या दारातून आत येत होती आणि ओट्याजवळून मागच्या दाराने बाहेर पडत होती. रोज काकू चालायची तशी.

मी तशीच काकूकडे गेले. ती पायरीवर शेंगा सोलत होती.

"काकू, बाबांनी घर वाटेवर बांधलं?"

तिने वर बघितलं नाही. "तेवढीच सपाट जागा होती. मग रस्त्यावरून घरापर्यंत यायला तुझ्या काकांनी शेतातून वाट दिली. तुझे बाबा म्हणाले, वहिनी, तुमची वाट माझ्या घरातून चालू राहील, दाराला कधी कडी लागणार नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यांना लाज वाटायची. म्हणाले, पोरीला कळू देऊ नका." मग शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, "तुला वाटायचं मी डबे बघते. अगं, मी मान खाली घालून चालायचे. दुसऱ्याच्या संसारात नजर जायला नको."

मला रडूच कोसळलं.

घरी येऊन मी कडी उपटून काढली. दादाने संध्याकाळी तार गुंडाळली. टेम्पो पुन्हा फाटकापर्यंत येतो. मी सकाळी उठल्या उठल्या दोन्ही दारं सताड उघडते आणि ओट्यापाशी उभी राहते.

काकू टोपली घेऊन येते, आणि माझ्या घराला वळसा घालून विहिरीकडे जाते.