डाव्या बुटातली चूक

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, आणि त्यातही डावा. उजव्याचं काय, त्याच्यामुळे कुणाचं वाकडं झालं नाही. म्हणून तो गप्प बसतो आणि बोलायची पाळी माझ्यावर येते.

माझा जन्म १९६९ साली कोल्हापुरात, शिवाजी पेठेत झाला. मला शिवलं पिराजींनी. ते पिढीजात पायताण करणारे. त्यांच्या हातचं पायताण घालून भलेभले पैलवान मिरवायचे, पण बूट त्यांनी उभ्या आयुष्यात शिवला नव्हता. तो शिवला दिलदारसाठी.

दिलदार हा समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्या अल्लाउद्दीनचा मुलगा. लष्करात अधिकारी व्हायचं, हे त्याचं एकच वेड. निवड मंडळानं त्याला दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा तो पास झाला आणि डेहराडूनच्या अकादमीचं पत्र आलं. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. पत्राबरोबर सामानाची लांबलचक यादी होती. गल्लीतले निवृत्त सुभेदार गणपतराव ती वाचून म्हणाले, "काळं बूट पायजेत. आन् ते हितंच पळून मऊ करून घे. कोरं बूट घालून गेलास तर पयल्याच दिवशी पाय फुटंल."

दिलदार बाजारात निघाला, तर पिराजी आडवे आले. "आमच्या गल्लीतलं पोरगं सायेब हुतंय आन् बाजारचं बूट घालणार व्हय? मी शिवतो की!"

आठ दिवसांत आम्ही दोघं तयार झालो. पिराजींनी जीव ओतला होता. इतका ओतला, की कौतुकाच्या भरात आम्हाला विंचू बसवला. घाबरू नका, हा चावणारा विंचू नव्हे. पायताण चालताना कर्रकर्र वाजावं म्हणून तळाच्या थरांमध्ये जे बसवतात, त्याला विंचू म्हणतात. कोल्हापुरात वाजत नाही ते पायताणच नव्हे! दिलदारनं आम्हाला घालून गल्लीत चक्कर मारली, तेव्हा माणसं दारात येऊन बघू लागली. मलाही भारी वाटलं, खोटं कशाला सांगू?

गणपतरावांनी मात्र कपाळावर हात मारला. "आरं पिराजी, कवायतीत हे वाजलं तर समदी पलटण हसंल! काढ, काढ ते!"

पिराजी खजील झाले. त्यांनी लगेच आमचे तळ उघडले, विंचू काढले आणि तळ पुन्हा ठोकून बसवले. उजवा नीट जमला. माझ्या पुढच्या भागात त्यांनी एक बारीक खिळा जास्तीचा मारला. अशा खिळ्याला आमच्याकडे चूक म्हणतात. पायताण उघडं असतं, ठोकून झालं की पिराजी त्यावरून बोट फिरवायचे आणि टोक वर आलं असेल तर कळायचं. याही वेळी त्यांनी सवयीनं बोट घातलं, पण बंद बुटात ते टोकापर्यंत पोचलंच नाही. त्या चुकेचं टोक आत तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिलदार आम्हाला घालून रंकाळ्याभोवती पळाला. पहिल्याच फेरीत ते टोक त्याच्या अंगठ्यात शिरलं. त्यानं दात आवळले आणि पळत राहिला. मला तोंड आहे, जीभसुद्धा आहे, पण ओरडता येत नाही. त्या दिवशी मला माझी चीड आली.

घरी त्याची आई खैरुनबी म्हणाली, "का रं लंगडतोयस?"

"काय न्हाय अम्मा. नवं पायताण चावतंच की."

हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक असतं. नवं पायताण चावतं, तेल लावायचं, सोसायचं, मग ते पायाचं ऐकतं. दिलदारनं मला तेल पाजलं आणि मोज्यात कापूस भरला. गणपतरावांनी विचारलं, तेव्हा तर तो ताठ उभा राहिला. बुटाला भिणारा गडी पलटणीत काय टिकणार, असं त्यांनी म्हणू नये, ही त्याची धडपड. जोडा कुठं चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात. इथं घालणाऱ्याला कळत होतं, पण तो बोलत नव्हता.

नऊ दिवस तो असा पळाला. दहाव्या दिवशी तापानं फणफणला. दवाखान्यात नेलं, तोवर अंगठा काळा पडून जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांना अंगठा कापावा लागला. निघायची तारीख दवाखान्यातच गेली. अकादमीला कळवल्यावर दोन ओळींचं उत्तर आलं की, उमेदवार कायमचा अपात्र.

पिराजी मला मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसले. त्यांनी तळ उचकटला आणि टोक दिसताच ते हमसून रडू लागले.

"मामा, रडू नगा," दिलदार म्हणाला. "मीच बोललो न्हाय."

"आरं, माझं बोट पोचलं न्हाय, पर तुझा पाय तुझा हुता की! वरडायचं न्हाय व्हय?"

दिलदारनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पिराजींनी बूट शिवला नाही, आणि पुढं पुढं पायताणाकडेही त्यांचं मन लागेना.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. दिलदार आता वडिलांच्या जागी सायकली दुरुस्त करतो. चालताना किंचित कलतो. दर रविवारी तो आम्हाला बाहेर काढतो, पॉलिश लावतो, नाड्या सारख्या करतो आणि खाटेखाली टाचा जुळवून ठेवतो. गडमुडशिंगीला दिलेली त्याची बहीण रशिदा आली की म्हणते, "दादा, दे की कुणाला तरी." तो म्हणतो, "असू दे. तयार असल्यालं बरं."

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी आम्ही वस्तू हात जोडून म्हणतो, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला फार जपलं गेलं, जपायचा तो पाय राहिला. तुमचं काही दुखत असेल तर पहिल्याच दिवशी ओरडा. कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू द्या. आणि शिवाजी पेठेत कधी गेलात, तर सायकलच्या दुकानातल्या त्या माणसाशेजारी जरा बसा. मला ते सांगता येत नाही, म्हणून तुम्हीच हळू आवाजात सांगा, की दिलदार, हे बूट आता टाकून दे, आपल्याला कुठं जायचं नाहीये.