पँटीतली साडी

विलास आणि समाधान या दाजी-मेव्हण्यांच्या धंद्यात माणसं दोन, मशीन एक आणि पँटही एकच होती. नेकनूर भागात कुणाच्या पत्र्यावर नाहीतर तारांवर झाड झुकलं की यांना बोलावणं यायचं. एकानं वर चढून चेनसॉनं, म्हणजे साखळीच्या करवतीनं, फांद्या उतरवायच्या, दुसऱ्यानं खाली त्याच्या कमरेचा दोर धरायचा. जो वर, त्याच्या अंगात पँट.

ती समाधाननं पुण्यातल्या एका बागकामवाल्या मित्राकडून मिळवली होती. नारिंगी, जाडजूड, आणि आत मांडीपासून घोट्यापर्यंत लांब पांढऱ्या दोऱ्यांचे थर. चालती साखळी पायाला लागलीच, तर वरचं कापड फाटतं, आतले दोरे ओढले जाऊन मशीनच्या चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडते. पाय राहतो. समाधानला ही गोष्ट एवढी आवडायची की चहाच्या टपरीवर तो ती कुणी न विचारता सांगायचा. पँट येण्याआधी तो मशीन चालू करून डोळे मिटायचा, जे कोणत्याच झाडाच्या हिताचं नव्हतं. पँट आल्यापासून तो वर बसून शीळ घालू लागला.

पण पँट शिवली होती थंड मुलखातल्या माणसासाठी. वैशाखात विलास ती घालून बाभळीवर चढला आणि उतरला तेव्हा आत पायांचं वरण झालं होतं. समाधान एका लग्नाला पाटोद्याला गेल्याचं बघून त्यानं पँट भारत टेलरकडं नेली.

"आतला हा समदा कचरा काढ."

भारतनं थर काढले. पँट पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी टेबलावर बसली.

"विलासभाऊ, हे तुमच्या मेव्हण्याला लांबून कळंल. आत कायतरी भरा. एखादी जुनी सुती साडी आणा, गोधडीवानी थर घालून टाके मारतो. गार ऱ्हाती."

काढलेले दोरे भारतनं वाया जाऊ दिले नाहीत, आपल्या स्टुलाच्या गादीत भरले. चेनसॉपासून नेकनुरात सध्या कुणाची बैठक सुरक्षित असेल तर ती भारत टेलरची.

विलासची बायको पंचशीला, म्हणजे समाधानची थोरली बहीण, घरी नव्हती. विलासनं ट्रंकेच्या तळातून, कधी कुणी नेसत नाही अशी एक पांढरी साडी ओढली. ती पंचशीलाच्या लग्नातली आहे हे त्याला झाकण लावल्यावर आठवलं. पण झाकण लावून झालं होतं.

पँट झकास गार झाली. विलासला आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं. मग समाधानची पाळी आली. तो शीळ घालत वर गेला, फांदीला दोन्ही पायांनी विळखा घातला आणि मशीन अगदी मांडीला खेटून चालवायला लागला. खाली दोर धरलेला विलास फांदीऐवजी पँटीकडंच बघत राहिला.

सांगायला पाहिजे होतं. सांगणं अवघड नव्हतं, फक्त त्याच्या मागोमाग 'साडी कुणाची?' हा प्रश्न उभा होता. म्हणून विलासनं बिनत्रासाचा मार्ग काढला. समाधानची पाळी आली की आदल्या संध्याकाळी तो कानस घेऊन बसायचा आणि साखळीचे दात बोथट करून ठेवायचा, म्हणजे पायाला लागलीच तर खोल जाऊ नये. दुसऱ्या दिवशी समाधान मशीन दाबून दाबून घामाघूम. लाकूड कापलं जायचं कमी, तापायचं जास्त.

"दाजी, आजकाल झाडं लई कडक झाली."

"पाऊस कमी हाय ना," विलास म्हणायचा आणि डब्यातलं आपलं अंडं त्याच्या भाकरीवर ठेवायचा.

दाजी दिवसेंदिवस मोठ्या मनाचे होत चाललेत, असं समाधान बहिणीला सांगायचा. पंचशीला नवऱ्याकडं कौतुकानं बघायची. विलास कानस शोधायला उठायचा.

अमरसिंह आबांच्या गोडाऊनवर चिंच झुकली, त्या दिवशी मात्र समाधाननं सकाळीच मशीनला नवी कोरी साखळी चढवली.

"जुनी काय वाईट होती?" विलासनं तीन-तीनदा विचारलं.

आबा म्हणजे गावातले बागायतदार आणि पुढारी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, झाडाखाली खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे. समाधाननं दोन फांद्या उतरवल्या, मशीन बंद केली आणि बेचक्यात दम खात बसला, तसे आबा खालून ओरडले, "ए समाधान! तुझ्या पँटीवर मशीन चालत न्हाई म्हणं? दाखव की पाव्हण्यांला!"

"दाखवतो की आबा! पण एकदा साखळी लागली की पँट बाद व्हती."

"नवी मी देतो! दाखव तू!"

समाधाननं मशीनची दोरी ओढली. मशीन खोकली आणि गरजली.

"समाधान, नको बे!" विलास ओरडला.

समाधाननं वरून अंगठा दाखवला.

"पेट्रोल गळतंय!"

अंगठा.

"मोहोळ हाय वर!"

हे समाधान सोडून सगळ्यांना ऐकू गेलं. पाहुणे खुर्च्या पाडून पळाले. समाधाननं हसतहसत पाय लांबवला आणि मशीन मांडीवर आणली. विलासनं छातीत होता नव्हता तेवढा वारा एकत्र केला. त्याच क्षणी, पाहुणे का पळतायत ते कळेना म्हणून समाधाननं मशीन बंद केली.

"पँटीत काय न्हाई! तुझ्या अक्काची साडी हाय त्यात!"

ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"काय म्हणलात दाजी?"

विलासला तेच पुन्हा, साध्या आवाजात सांगावं लागलं. ओरडून सांगण्यापेक्षा ते जड गेलं.

समाधाननं कमरेचा कोयता काढून मांडीवरचं कापड फाडलं. आत पांढरी साडी, निळा काठ. बहिणीच्या लग्नात याच काठाला नाक पुसलं म्हणून त्यानं मार खाल्ला होता. तो काठाकडं बघत राहिला.

"कवापासून?"

"वैशाखापासून."

समाधानचे ओठ हलायला लागले. शाळेमागचा लिंब, ओढ्यावरचा वड, दर्ग्याजवळची चिंच. तो या पँटीत चढलेली झाडं आठवतोय हे विलासला कळलं. मशीन त्यानं कशीबशी दोरीनं खाली सोडली आणि दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली.

"हळू उतर. मी धरलाय दोर."

"साखळी तुमीच बोथट करत व्हता?"

"हां."

"आन् अंडं?"

"अंडं पन त्याच्यापायीच."

समाधाननं खोडाला गाल टेकवला.

"मला वाटायचं दाजीची आपल्यावर माया हाय."

"हाय की. म्हणून तर बोथट करत होतो!"

"मग सांगाया काय झालतं?"

विलासनं एक पाय बुंध्यावर ठेवला. "मी वर येऊ का?"

"नका येऊ." समाधाननं मान वळवून पलीकडं बघितलं. "आबा, दोर तुमी धरा."

"मी?" मोहोळ शोधणारे आबा दचकले.

"समाधान, असं करू नको बे. त्यांनी जल्मात दोर धरला न्हाई. पडशील."

"पडलो तर त्यांला येत न्हाई म्हणून पडन. कुनी फसवलं म्हणून न्हाई."

विलासनं दोर आबांच्या हातात दिला. कमरेमागून कसा घ्यायचा, पाय कुठं रोवायचे, हळूहळू कसा सोडायचा, ते दाखवलं. इस्त्रीचे कपडे चुरगळत आबांनी दोर धरला, डोळे फाडून. समाधान उतरायला लागला. विलास बुंध्याशी दोन्ही हात पसरून उभा राहिला. समाधान पलीकडच्या बाजूला सरकला. विलास हात पसरून पलीकडं गेला, तसा समाधान अलीकडच्या बाजूनं उतरायला लागला.