संचिताने कालवलेलं पाणी

मी तुळसा, कोलशेतची. आमच्या तीन पिढ्या मिठागरात गेल्या, मिठाचं मला कोणी शिकवू नये.

माझ्या भावाची, नयनची पोरगी श्रिया, सहा वर्षांची. दोन वर्षं सारखी आजारी. उलट्या, जुलाब, ग्लानी. चार हॉस्पिटलं झाली. तिची आई संचिता उशाशी फाइल घेऊन बसायची, नर्सना गोळ्यांची नावं घडाघडा सांगायची. सगळे म्हणायचे, आई असावी तर अशी. मीपण म्हणायची. मेली माझी अक्कल!

मग शहाडला संचिताचे वडील गेले. तेराव्यापर्यंत ती माहेरी, श्रिया माझ्याकडे. तेरा दिवस पोरीने बोंबलाचं कालवण ओरपलं, गल्लीभर हुंदडली. एक उलटी नाही. चौदाव्या दिवशी आई आली आणि संध्याकाळी पोर परत अ‍ॅडमिट.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात मीठ फार वाढलंय. कारण सापडत नाही. उद्या घशातून नळी घालून बघू."

संचिता खाटेपाशी घरून आणलेलं मीठ-साखर-पाणी पाजत होती. श्रियाने तोंड फिरवलं. मी बाटली ओढली आणि एक घोट घेतला. अगं आई गं! खाडीचं पाणी परवडलं.

"हे तू पी बघू," मी म्हटलं.

"मला मळमळतंय, ताई."

नयन मध्ये पडला. "ताई, वॉर्डात तमाशा नको. घरातलं घरात राहू दे. नाहीतर माहेर तुटलं समज."

"तुटू दे! भाऊबीजेला दार लावून घे. पण आधी हे पी."

त्याने घोट घेतला आणि तिथेच थुंकला. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला.

मी बाटली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. "हे तपासा. आणि या पोरीच्या तोंडात आता फक्त तुमच्या नर्सच्या हातचं जाईल. मी इथून हलणार नाही, कोणाला बोलवायचं त्याला बोलवा."

तपासणीत त्या पाण्यात मीठच मीठ निघालं, आणि त्यांनी पोलिसांनाच बोलावलं. संचिता बाहेर रडत होती, "मी तिच्यासाठी काय नाही केलं?"

तिसऱ्या दिवशी श्रिया उठून बसली. हळूच म्हणाली, "आत्या, मी बरी झाले तर मम्मी रागवेल. आजारी असले की ती मला मांडीवर घेते."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"रागवू दे," मी म्हटलं. "तू बरी हो, बाय. बरी झालेल्या पोरींना मी मांडीवर घेते."